प्रोजेक्शन रूममधील स्थित्यंतर : फिल्म प्रोजेक्टर ते डिजिटल प्रोजेक्टर

प्रस्तावना :
चित्रपटाच्या इतिहासलेखनात दिग्दर्शक, कलावंत व चित्रसंस्था यांना मानाचे स्थान मिळाले. ज्या यंत्राद्वारे चित्रपट पडद्यावर येतो ते यंत्र आणि ते जेथे उभे राहते ती खोली मात्र बहुधा दुर्लक्षित राहिली. आगीच्या भयातून जन्मलेल्या या खोलीतच डिजिटल प्रोजेक्टर का बसवावा लागला आणि त्यामुळे तेथील माणसाचे काय झाले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

खोलीचा उगम :
28 डिसेंबर 1895 रोजी पॅरिस येथे व 7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलमध्ये ल्युमिए बंधूंच्या चित्रपटांचे खेळ झाले, तेव्हा चित्रपटासाठी बांधलेली गृहे नव्हती. 4 मे 1897 रोजी पॅरिसमधील एका धर्मादाय बाजारात प्रोजेक्टरच्या ईथरच्या दिव्यामुळे आग लागून शंभराहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. त्यातच त्या काळातील नायट्रेट फिल्म अत्यंत ज्वालाग्राही होती. ब्रिटनमध्ये 1909 साली आणि भारतात 1918 साली सिनेमॅटोग्राफ कायदा झाला व सुरक्षितता ही परवान्याची अट ठरली. यंत्र भिंतीआड गेले. भिंतीतील झरोक्यांना आगीच्या वेळी खाली पडणाऱ्या झडपा आल्या. 1948 पासून सहज न पेटणारी फिल्म प्रचारात आली, तरी खोली कायम राहिली. प्रकाशझोत प्रेक्षकांच्या डोक्यावरून जाणे व यंत्राचा आवाज प्रेक्षागृहात न येणे, ही तिची अन्य प्रयोजने होती.

डिजिटल यंत्राची प्रस्थापना :
हॉलिवूडच्या प्रमुख चित्रसंस्थांनी 2002 मध्ये स्थापन केलेल्या डीसीआय या मंडळाने 2005 मध्ये डिजिटल प्रक्षेपणाची मानके प्रसिद्ध केली. त्याच सुमारास भारतात यूएफओ मूव्हीज या कंपनीने कमी खर्चाच्या वेगळ्या पद्धतीने, उपग्रहाद्वारे चित्रपट पोहोचविण्यास प्रारंभ केला. यंत्र नवे असले तरी त्याला जुन्या वास्तूशी जुळवून घ्यावे लागले.

पहिला प्रश्न अंतराचा. पडदा 12 मीटर रुंद आणि प्रोजेक्टर 24 मीटर दूर असल्यास अंतराचे रुंदीशी प्रमाण 2 येते व त्यानुसार भिंग निवडावे लागते. दुसरा प्रश्न उंचीचा. बाल्कनीच्या वरून तिरका झोत टाकल्यास चित्र खाली रुंद व वर अरुंद दिसते. फिल्मच्या काळात दारापुढील धातूची पट्टी कानशीने घासून चित्राच्या कडा सरळ केल्या जात. डिजिटल यंत्रात प्रथम भिंग सरकवून ही विकृती कमी करतात. ते पुरेसे न ठरल्यास चित्राच्या कडा झाकाव्या लागतात.

तिसरा प्रश्न झरोक्याचा. 2000 फुटांचे रीळ सुमारे 22 मिनिटांत संपत असल्याने पूर्वी दोन यंत्रे आलटून पालटून चालत आणि ती मध्यरेषेच्या दोन बाजूंना उभी असत. डिजिटल यंत्र एकच. ते मध्यभागी ठेवावयाचे तर भिंत फोडून नवा झरोका करावा लागे; जुन्याच झरोक्यामागे ठेवल्यास झोत बाजूने येई.

ऑपरेटरचे स्थान :
रीळ जोडणे, कार्बन कांड्यांतील अंतर राखणे, दुसरे यंत्र नेमक्या क्षणी सुरू करणे ही कौशल्ये ऑपरेटरच्या हातात होती. डीसीआय पद्धतीत ठरावीक यंत्रासाठी व ठरावीक मुदतीपुरती संगणकीय किल्ली येते. ती नसल्यास चित्रपट उघडत नाही. खेळावरील नियंत्रण अशा रीतीने खोलीबाहेर गेले. महाराष्ट्रातील फिरत्या तंबू सिनेमांतही हेच स्थित्यंतर घडले. 2016 चा 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट त्याची साक्ष देतो.

निष्कर्ष :
डिजिटल प्रोजेक्टरने जुनी भूमिती स्वीकारली, परंतु तिच्याशी निगडित श्रमकौशल्य अनावश्यक ठरविले. यंत्र बदलले एवढीच नोंद केल्यास हा इतिहास अपुरा राहतो. एकपडदा चित्रपटगृहे पाडली जात असताना त्यांच्या प्रोजेक्शन रूमची मोजमापे, झरोक्यांच्या जागा, परवाने आणि वयोवृद्ध ऑपरेटरांच्या मुलाखती संकलित करणे अगत्याचे आहे. महाविद्यालयीन इतिहास विभागांना आपल्या तालुक्यापुरते हे कार्य सहज हाती घेता येईल. इमारत पुन्हा मोजता येणार नाही आणि माणूस पुन्हा भेटणार नाही, हे लक्षात घेता त्यास विलंब परवडणारा नाही.