दुकानाबरोबर आलेली वही

आमच्या पेठेच्या कोपऱ्यावरील दुकानाने माझ्या हयातीत तीन मालक पाहिले. पहिला लिंगायत, दुसरा मारवाडी आणि सांप्रतचा कच्छी. परंतु पाटीवर कोणाचे नाव रंगविले आहे हे मान वर करून पाहण्याची तसदी पेठेतील आबालवृद्धांपैकी कोणी कधी घेतली नाही आणि तिघेही आपापल्या कारकिर्दीत 'वाणी' या एकाच नावाने ओळखले गेले. घराण्याची कुळकथा सांगावयाची म्हणजे मूळ पुरुषापासून एकेक पिढी उतरत यावयाचे, अशी आपली चाल आहे. येथे मात्र पुरुष बदलतात, जात बदलते, मुलूख बदलतो, मातृभाषाही बदलते, आणि कूळ तेवढे अखंड चालू राहते. तेव्हा या विलक्षण कुळात एका मालकाकडून दुसऱ्याकडे वारसाने नेमके उतरते तरी काय, ही शंका मला पुष्कळ दिवस छळीत होती.

शब्दांकडे कौल लावला तर ते बरेच दूरचे गोत्र सांगतात. 'वाणी' हा 'वणिज्' शब्दाचा सरळ वंशज. वेदांतील धनवान परंतु चिक्कू 'पणि' म्हणजे वणिकच, असा निर्वाळा निरुक्तकार यास्काने देऊन ठेवला असल्यामुळे या व्यवसायाची अपकीर्ती निदान निरुक्ताइतकी जुनी आहे, हे कबूल केले पाहिजे. 'किराणा' हा 'क्री' या धातूच्या, म्हणजे विकत घेण्याच्या, कुळातला. आणि मौज अशी की, आपण ज्याला यावनी म्हणून बाजूला बसवितो तो फारसी 'खरीद' हा शब्दही त्याच प्राचीन धातूचा, इराणात वाढलेला भाऊबंद आहे. म्हणजे किराण्याची खरेदी करणारा मनुष्य दोन चुलतभावांची भेट घडवून आणतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. 'दुकान' अरबीतून फारसीमार्गे आले. त्याचा मूळ अर्थ बसण्याचा ओटा किंवा चौथरा. आणि ज्यांनी रस्त्यापासून हातभर उंच ओट्यावर गादी घालून, पुढ्यात तागडी टांगून बसलेला वाणी पाहिला आहे, त्यांना या अर्थाची प्रतीती कोशावाचून येईल. घरातील 'यादी'सुद्धा मुळात फारसी 'याद', म्हणजे स्मरण. पेशव्यांच्या दफ्तरात ज्या नावाचे कागद राज्यकारभाराची कलमे वाहत असत, तेच नाव आज पावशेर जिरे आणि दोन नारळ वाहते. 'बकाल' या शब्दाचे दैव मात्र फुटके. अरबीत तो भाजीपाला विकणारा, हिंदुस्थानात दाणावाणी. १५५६ साली पानिपतावर अकबराच्या फौजेशी झुंजलेल्या हेमूला मोगल तवारिखकारांनी 'बक्काल' म्हणून हिणविले, आणि आज मराठीत घाणेरड्या, अस्ताव्यस्त वस्तीला आपण तेच विशेषण लावतो. धंद्याच्या नावाची शिवी होणे नवे नाही, परंतु ज्याच्याकडून रोज मीठ आणावयाचे त्याच्या नावाची व्हावी, हे जरा कृतघ्नपणाचेच झाले.

बारा बलुत्यांच्या नेहमीच्या यादीत वाणी नाही, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. सुतार, लोहार, न्हावी, परीट हे गावाचे नोकर. त्यांना सुगीला खळ्यावर धान्य मिळे आणि त्यांच्या कामाची किंमत जागच्या जागी चुकती करण्याचे कारण नसे. वाणी हा गावात राहूनही गावाच्या या देण्याघेण्याबाहेरचा. त्याचा संबंध पेठेशी. आणि पेठेवर शेट्ये व महाजन हे वतनदार, ज्यांनी नवी दुकाने वसवावी, मापांवर व व्यवहारांवर नजर ठेवावी आणि त्याबद्दल दुकानामागे मालाच्या रूपाने आपला हक्क घ्यावा, अशी वहिवाट होती. दुकानात दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली, असा सगळा दुपटीचा हिशेब चाले, जो निरक्षर कुणबिणीलाही बोटांवर करता येई. परंतु हिशेब बोटांवरून कागदावर उतरला की तो वाण्याच्या मालकीचा होई. बलुतेदाराचे येणे साऱ्या गावाच्या स्मरणात राही. वाण्याचे येणे त्याच्या एकट्याच्या वहीत राही. या कुळकथेतील पुढचे सारे प्रसंग या भेदातून उद्भवले, असे माझे मत झाले आहे.

महाराष्ट्रातील ज्या एका दुकानाच्या मालकांची परंपरा आपल्याला नावानिशी ठाऊक आहे, ते दुकान देहूचे. मोऱ्यांच्या घराण्याकडे देहूच्या पेठेची महाजनकी होती. जात कुणबी, धंदा वाण्याचा. बोल्होबांच्या हातून कारभार सुटण्याची वेळ आली तेव्हा थोरला मुलगा सावजी विरक्त निघाला आणि दुकान, शेती, सावकारी यांचे जू दुसऱ्याच्या, म्हणजे तुकारामाच्या, कोवळ्या मानेवर आले. पुढे आईबाप गेले, १६३० चा दुष्काळ आला, पहिली बायको आणि मुलगा अन्नान्न करून गेले, दिवाळे वाजले आणि पेठेतील पत बुडाली. तुकोबांच्या व्यापाराच्या ज्या कथा महीपतीने 'भक्तलीलामृता'त सांगितल्या आहेत, त्यांतील मिरच्या घेऊन कोकणात उतरलेला आणि गिऱ्हाइकांनीच आपल्या हाताने माप भरून घ्यावे म्हणून स्वस्थ बसलेला वाणी वाचून आपल्याला हसू येते. परंतु हसून झाल्यावर विचार करावा की, माप गिऱ्हाइकाच्या हाती देणे म्हणजे या धंद्याचे मर्मच देऊन टाकणे आहे. वाण्याचे वाणीपण तागडीच्या ज्या काट्याशी असते, तो काटाच त्याने सोडला.

आणि त्यानंतरची ती सुप्रसिद्ध कथा. वडिलांपासून चालत आलेली कुळांची कर्जखते तुकोबा इंद्रायणीत बुडवू लागले, तेव्हा धाकटा भाऊ कान्होबा म्हणाला की, तुम्ही साधू झालात, मला संसार करावयाचा आहे. म्हणून खतांचे दोन वाटे झाले, कान्होबाचा त्याला दिला आणि तुकोबांनी आपला वाटा डोहात सोडला. ही कथा वैराग्याची म्हणून सांगतात आणि ती तशी आहेही. परंतु एखाद्या पोक्त कारकुनाच्या नजरेने ती वाचली, तर पहिली गोष्ट नजरेत भरते ती ही की, वाटणी दुकानाच्या जागेची किंवा पोत्यांची झाली नाही, ती कागदांची झाली. दुष्काळानंतर दुकानात उरले होते काय? रिकामी पोती आणि भरलेली दप्तरे. जो वारसा उतरावयाचा होता तो दप्तरांत होता. एका भावाने तो घेतला आणि दुसऱ्याने पाण्याच्या हवाली केला. कान्होबाला दोष देण्याचे मला तरी धैर्य होत नाही. पेठेत कोणी तरी दुकान उघडे ठेवावेच लागते.

पेशवाईतील पुण्याबद्दल फार लिहिण्याचे प्रयोजन नाही. नव्या पेठा वसविताना व्यापाऱ्यांना कौल देऊन काही वर्षे करांची माफी द्यावी, कोतवालाने निरख आणि वजनमापे पाहावी, असा तो बंदोबस्त; गुजर, मारवाडी, लिंगायत अशी निरनिराळी मंडळी त्या कौलाच्या आशेने आली आणि ओट्यांवर बसली.

खरा पालट इंग्रजी अंमलात झाला, आणि तो दुकानात न होता कचेरीत झाला. पूर्वी वाण्याने उधारी फार ताणली तर पाटील, पंच आणि गावची लाज हे अडसर असत. आता दिवाणी कोर्टापुढे फक्त कागद बोलू लागला. त्यातच १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने अशा कर्जाच्या फिर्यादीस तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू असा की, जुनी देणी पिढ्यान्‌पिढ्या रयतेच्या मानगुटीस बसू नयेत; परिणाम असा की, तीन वर्षे भरत आली की सावकार व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेई, आणि कुळाचा अंगठा दर खेपेस मोठ्या रकमेखाली उमटे. मीठ, मिरची, गूळ, लुगडे आणि रोख रक्कम ही सगळी एकाच वहीत एकाच शाईने लिहिली जात असल्यामुळे आपण वाण्याचे गिऱ्हाईक केव्हा होतो आणि सावकाराचे कूळ केव्हा झालो, हे शेतकऱ्याला उमगत नसे. अमेरिकेतील यादवी युद्धाने कापसाचे भाव चढले तोवर हे खपून गेले. युद्ध १८६५ मध्ये संपले, भाव कोसळले, सरकारने सारा वाढविला, आणि वहीतील आकडे तेवढे चढत राहिले. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांच्या दुकानातून जिन्नस घेणे बंद, आणि न्हावी-परिटासह बलुत्यांची सेवाही बंद. म्हणजे गावाने आपली जुनी देण्याघेण्याची व्यवस्था वाण्याच्या वहीविरुद्ध उभी केली. पुढे १२ मे १८७५ रोजी भीमथडीतील सुपे या बाजारपेठेच्या गावी भोवतालच्या खेड्यांतील रयत जमली, दुकानांत शिरली, आणि तिने मागणी केली ती वह्या व खते बाहेर काढण्याची. धान्य लुटले गेले, काही घरांना आगही लागली. परंतु मुख्य होळी कागदांची झाली, आणि जेथे कागद निमूटपणे हवाली झाले तेथे अंगावर हात टाकण्याचे प्रकार फारसे घडले नाहीत. पुणे आणि नगर जिल्ह्यांत हे लोण पसरले, चौकशीस कमिशन बसले आणि १८७९ मध्ये दक्षिणेतील शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला. देहूच्या वाण्याने जे स्वखुशीने पाण्यात सोडले होते, ते सुप्याच्या गिऱ्हाइकांनी बळजबरीने अग्नीत घातले.

वाणी अर्थातच परत आले. दंगल शमली, नव्या वह्या शिवल्या गेल्या, पाडव्याला त्यांवर हळदकुंकू पडले. वाण्याचा अधिकार खऱ्या अर्थाने उतरला तो १९४३ साली, जेव्हा मुंबईत धान्याचे शिधावाटप सुरू झाले आणि मागोमाग ते इतर शहरांत पसरले. आता लेखी कागद गिऱ्हाइकाच्या पिशवीत आला आणि दुकानदाराला त्यावर टिकमार्क करून माल तोलावा लागला. १९५७ च्या एप्रिलात आण्यांचे नवे पैसे झाले आणि नंतर शेराचा किलो झाला. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. म्हणजे जुना पावशेर २३३ ग्रॅमांचा. आज कोणत्याही गल्लीत 'पावशेर शेंगदाणे' मागा, अडीचशे ग्रॅम मिळतील. शेर मरून गेला, आणि मेल्यावर त्याचे वजन वाढले, हे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येते.

आमच्या कोपऱ्यावरचा लिंगायत वाणी मोडी लिहीत असे. त्याने दुकान मारवाड्याला दिले तेव्हा मालाची एक किंमत ठरली, मांडण्या आणि तागड्यांची दुसरी, आणि उधारीच्या वहीची तिसरी. रुपयाला किती आणे धरावयाचे यावर दोघांची एक संपूर्ण दुपार गेली, असे वडील सांगत. त्या वहीत आमचेही खाते होते, तेव्हा आम्हीही त्या दुपारी कमीअधिक भावाने विकले गेलो असलो पाहिजे. मारवाड्याने पुढे कच्छी शेठला दुकान दिले, त्या वेळी माल पाकिटांचा झाला होता आणि उधारी मागणारेही विरळ झाले होते.

मध्यंतरी साखर घ्यावयास गेलो असता सर्वांत वरच्या फळीवर, अगरबत्तीच्या खोक्यांमागे, लाल कापडी बांधणीची एक लांबोडकी वही दिसली. काढून दाखविण्याची विनंती केली. आत मोडी अक्षर, वाळवीने काठ खाल्लेले, आणि पुठ्ठ्यावर अलीकडच्या पाडव्याचे ताजे कुंकू.

"शेठ, ही तुम्हाला वाचता येते?"

"नाही हो, काका. आमची नाहीच ती. दुकानाबरोबर आली."

"मग पूजा कशाला करता?"

शेठ पाकिटे लावता लावता थांबले. "राहू द्या," म्हणाले, "कुणाकडे येणे निघाले तर?"

तीन वर्षांची मुदत उलटून किती तपे लोटली असतील याचा मी मनातल्या मनात हिशेब केला. आणि वडिलांचे खाते कोणत्या पानावर असेल हे शोधण्यापूर्वीच वही मिटून त्यांच्या हाती परत दिली.