पेठ पायांची, उपनगर गाडीचं

आपली शिवाजी पेठ चालणाऱ्यांनी घडवली. तालीम, देऊळ, शाळा, दुकान, रंकाळा, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. कोल्हापूरची नगरपालिका १८५४ची, महानगरपालिका १९७२ची. त्यानंतर शहर वाढत गेलं. हद्द मात्र दशकानुदशकं तिथंच राहिली. घरांच्या वाटण्या झाल्या, जागा पुरेना, तशी पोरं पाचगाव, कळंबा, मोरेवाडीकडं गेली. नोकरी शहरात, घर ग्रामपंचायतीत, मध्ये गाडी. २०१७ साली ४२ गावांसाठी प्राधिकरण झालं, तरी हद्दवाढीचा वाद मिटला नाही. घरपट्टी किती, यावर आपण भांडतो. पण ज्याला गाडी चालवता येत नाही, त्या म्हाताऱ्यानं तालमीच्या कट्ट्यावर यायचं कसं? आधी हे विचारा.