परमुलखातील जमीन आणि दप्तराची भाषा

दूरच्या मुलखात जमीन अथवा घर विकत घेऊ इच्छिणाऱ्याने पूर्ण चौकशी केल्यावाचून पैसा गुंतवू नये, हा उपदेश सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु चौकशी म्हणजे नेमके काय वाचावयाचे, आणि ते कोणत्या भाषेत, या प्रश्नाचा विचार क्वचितच होतो. धाराशिव जिल्ह्याचा इतिहास या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे.

आज बार्शीहून धाराशिवला जाणाऱ्यास वाटेत कोणतीही सरहद्द जाणवत नाही. सन १९४८ पर्यंत मात्र हे दोन मुलूख निरनिराळ्या राजवटींचे होते. बार्शी व सोलापूर इंग्रजी अमलात, तर तुळजापूर, परंडा, कळंब हा प्रदेश निजामाच्या राज्यात. पलीकडे जमीन घेणाऱ्या बार्शीकराच्या दृष्टीने तो व्यवहार परराज्यातीलच होय. शिवाय ही सरहद्दही स्थिर नव्हती. सन १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड व रायचूर दुआबाबरोबर हा प्रदेशही इंग्रजांकडे गेला आणि नळदुर्ग येथे कर्नल मेडोज टेलर यांनी कारभार पाहिला. सन १८६० मध्ये तो निजामास परत मिळाला. सन १९४८ नंतर भारतीय संघराज्यातील हैदराबाद, सन १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई व सन १९६० मध्ये महाराष्ट्र, असा त्याचा पुढील प्रवास आहे. नावेही पालटली: नळदुर्ग, उस्मानाबाद व आता धाराशिव. सन १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला. त्यामुळे जुन्या खतात ‘जिल्हा उस्मानाबाद’ असे लिहिलेली औशाची जमीन आज धाराशिवच्या दप्तरात शोधणे व्यर्थ होय.

पहिली अडचण कालगणनेची. हैदराबाद राज्यातील कागद फसली सनात आहेत. अखेरच्या काळात हे वर्ष ऑक्टोबरात आरंभ होई. म्हणून वर्षारंभापासून डिसेंबरअखेरच्या कागदास ५९० व त्यापुढील महिन्यांच्या कागदास ५९१ मिळवावे लागतात. १७ सप्टेंबर १९४८ हा दिवस फसली १३५७ मध्ये पडतो. सरसकट ५९० मिळविणारा वाचक त्यास १९४७ समजेल, आणि दोन राजवटींमधील सीमारेषाच त्याच्या हिशेबातून निसटेल.

दुसरी अडचण परिभाषेची. भाषेच्या अभ्यासकास तीच अधिक महत्त्वाची वाटते. ‘इनाम’ हा शब्द मराठी माणूस बक्षीस या अर्थाने घेतो आणि बक्षिसावर पूर्ण मालकी गृहीत धरतो. दप्तरात मात्र इनामाचे प्रकार आहेत. ‘मदद-माश’ म्हणजे उपजीविकेस साहाय्य. ‘खिदमत-माश’ म्हणजे देवस्थान, दर्गा अथवा गावाच्या सेवेबद्दल दिलेली जमीन. अशा जमिनीस ‘मशरूत’ हे विशेषण लागते. आपला ‘शर्त’ हा शब्द व हे विशेषण एकाच अरबी धातूपासून निघालेले आहेत. सेवेची शर्त जमिनीस जोडलेली असल्याने ती सामान्य मालकीच्या जमिनीसारखी विकता येत नाही. एका विशेषणाकडे दुर्लक्ष झाल्यास आयुष्याची पुंजी बुडू शकते.

‘शिकमी’ या शब्दाचेही असेच आहे. फारसी ‘शिकम’ म्हणजे पोट. हैदराबादच्या फसली १३१७ च्या जमीन महसूल कायद्यात ‘शिकमीदार’ हा पट्टेदाराबरोबर हक्क असलेला सहभागीदार आहे, तर ‘आसामी शिकमी’ हा कराराने जमीन कसणारा पोटकूळ आहे. शब्द जवळजवळ तेच. हक्क मात्र सर्वस्वी भिन्न.

या पायावर पुढील कायद्यांचे थर चढले. सन १९४९ मध्ये जहागिरी गेल्या. सन १९५० च्या कूळकायद्याने संरक्षित कुळास हक्क दिले. त्याचे कलम ३८-ई मराठवाड्यातील खेड्यापाड्यांत सर्वतोमुखी आहे. सन १९५४ मध्ये इनाम निर्मूलनाचा कायदा आला. सन १९५४-५५ चे खासरा पाहणीपत्रक हा या सर्व स्थित्यंतराचा कागदोपत्री आरसा होय. म्हणून केवळ आजचा सातबारा पाहून थांबणे पुरेसे नाही. सातबारा ही महसुली नोंद असून ती विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच खरी मानली जाते. खताची नोंदणी म्हणजेही मालकीची हमी नव्हे. सातबाऱ्यावरून फेरफार, फेरफारावरून खासरा पत्रक, तेथून सेतवार व इनाम असल्यास मुंतखब, असा उलटा प्रवास केला पाहिजे.

परदेशस्थ मराठी कुटुंबांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अनिवासी भारतीयास वारसाने शेतजमीन मिळू शकते. परंतु विशेष परवानगीवाचून ती विकत घेता येत नाही. त्यांच्या दृष्टीने धाराशिव हाच आता ‘परमुलूख’ आहे. उलट, येथून परदेशात घर घेणाऱ्यानेही तेथील मालकीहक्काची परिभाषा याच काटेकोरपणे तपासली पाहिजे. आपल्या भाषेतील प्रतिशब्द मिळाला म्हणजे हक्कही तोच मिळाला, असे होत नाही.

येथे प्रश्न केवळ खरेदीदाराच्या पैशाचा नाही. चौकशीत वगळलेल्या नोंदीमागे बहुधा एखादे कूळ, एखादा सेवेकरी अथवा एखादे देवस्थान उभे असते. कागद नीट वाचला गेला नाही तर त्यांचा हक्कही मुका होतो. गावपातळीवरचे मोडी आणि तहसिलीतील शिकस्त उर्दू वाचू शकणारे लोक दिवसेंदिवस कमी होत आहेत. या लिप्यांचे अध्यापन हे आपल्या विभागांनी पुरातन साहित्यापुरते मर्यादित न ठेवता जमिनीच्या दप्तरापर्यंत नेले पाहिजे. कारण त्या दप्तरावर आजही जिवंत माणसांची घरे उभी आहेत.