मत कोणाला होतं? कुलाबा लोकल बोर्ड आणि कर्जत-खालापूर

आजचा विषय ऐकायला जरा कोरडा आहे: कुलाबा जिल्हा लोकल बोर्डाच्या निवडणुका. हे बोर्ड १९६२ साली संपलं. इंग्लंडमध्ये १९७४ साली शेकडो जुनी कौन्सिलं बरखास्त झाली, पण त्यांच्या निवडणुकांचे वॉर्डवार आकडे लोक आजही हौसेने जुळवतात. कोण जिंकलं, कोण पडलं, किती मतांनी. कर्जत आणि खालापूरपुरतं बोलायचं, तर मी प्रश्न थोडा वेगळा विचारणार आहे. कोण जिंकलं हे नंतर बघू. आधी सांगा, मत कोणाला होतं?

सुरुवात पैशापासून करू. १८६९ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून वसूल व्हायला लागला. त्यातून रस्ते, शाळा, विहिरी, धर्मशाळा व्हायच्या. म्हणजे पैसा रयतेचा आणि तो खर्च करणारी कमिटी साहेबाची. १८८२ मध्ये लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा ठराव केला. त्याचं म्हणणं असं की, कारभार लगेच सुधारेल म्हणून हे करायचं नाही, लोकांना राज्यकारभाराचं शिक्षण मिळावं म्हणून करायचं. मग १८८४ चा कायदा आला. तालुक्याला लोकल बोर्ड, जिल्ह्याला लोकल बोर्ड. काही सभासद निवडलेले, काही सरकारने नेमलेले. जिल्हा बोर्डाचा अध्यक्ष कलेक्टर आणि तालुका बोर्डाचा प्रांत!

तेव्हा कर्जत ठाणे जिल्ह्यात होतं आणि खालापूर हा कर्जतचा पेटा होता. १८९१ मध्ये कर्जत कुलाब्यात आलं. जिल्हा बदलला, पण मताची अट तीच राहिली: सारा भरणारा, मालमत्ता असणारा, इनामदार. आता आपला मुलूख डोळ्यांसमोर आणा. सह्याद्रीच्या पायथ्याला ठाकूरवाड्या, कातकरवाड्या. या जिल्ह्यात जंगलातल्या दळी जमिनी कसणारे आदिवासी होते. कसतोय पिढ्यान् पिढ्या, पण कागद त्याच्या नावावर नाही. कागद नाही म्हणून सारा नाही, आणि सारा नाही म्हणून मतही नाही. रिपनच्या शाळेत या माणसाला प्रवेशच नव्हता.

याने काय बिघडतं, ते १९२३ नंतर दिसलं. त्या वर्षी नवा लोकल बोर्ड कायदा झाला, निवडून आलेल्यांचं प्रमाण वाढलं. त्याच वर्षी ४ ऑगस्टला मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पैशातून बांधलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. आपल्याच जिल्ह्यातल्या महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तसा ठरावही केला. पण तळ्याचं पाणी ठरावाने मिळालं नाही. त्यासाठी २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो लोकांसह चवदार तळ्यावर जावं लागलं. का बरं? कारण ज्यांच्यासाठी ठराव होता, त्यातले बहुतेक मतदार यादीत नव्हते. सभासदाला पुढच्या निवडणुकीत भीती होती ती यादीतल्या माणसाची.

दुसरं उदाहरण कर्जत तालुक्यातलंच आहे. माथेरान. १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट तिथे चढला आणि थंड हवेचं ठिकाण वसलं. १९०५ मध्ये नगरपालिका, १९०७ मध्ये छोटी गाडी. याच डोंगरावर १९१२ मध्ये एका गरीब न्हावी कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण कोतवाल जन्मले. आपले भाई कोतवाल. ते वकील झाले आणि १९४१ मध्ये माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष म्हणून निवडून आले. मोठी गोष्ट होती ती! पण त्यांचं लक्ष डोंगराखालच्या शेतकऱ्याकडे होतं. सावकाराच्या तावडीतून तो सुटावा म्हणून त्यांनी धान्यकोठ्या काढल्या, शाळा काढल्या. माथेरानच्या निवडणुकीत त्या शेतकऱ्याचं मत नव्हतं, तरी काम त्याचंच केलं. पुढे बेचाळीसच्या लढ्यात त्यांच्या दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडच्या जंगलात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले.

स्वातंत्र्यानंतर प्रौढ मतदान आलं, साऱ्याची अट गेली. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि लोकल बोर्ड इतिहासजमा झालं. १९८१ मध्ये कुलाब्याचं रायगड झालं. ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर महिलांना आणि आदिवासींना राखीव जागा मिळाल्या. फेब्रुवारी २०१७ च्या निवडणुकीत रायगड जिल्हा परिषदेच्या ५९ जागांपैकी २३ शेतकरी कामगार पक्षाकडे गेल्या, आणि राष्ट्रवादीच्या आदिती तटकरे अध्यक्ष झाल्या. कलेक्टरच्या खुर्चीपासून इथवर आलो, हा प्रवास लहान नाही.

पण दोन गोष्टी सांगून थांबतो. पहिली: त्या परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, आणि नंतर तीन वर्षांहून जास्त काळ कारभार प्रशासकाने पाहिला. पैसा लोकांचा आणि खुर्चीवर अधिकारी. १८६९ ची आठवण होते ना? दुसरी: आज कातकऱ्याचं नाव यादीत असतं, पण दिवाळीनंतर कुटुंबच्या कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मतदान फेब्रुवारीत ठेवलं की वाडीत म्हातारी माणसंच असतात. पूर्वी कागदाने वगळलं जात होतं, आता तारखेने वगळलं जातं.

म्हणून निवडणुकीचा निकाल वाचताना नुसते आकडे वाचू नका. त्या दिवशी गावात कोण नव्हतं, हेही विचारा. प्रश्न असतील तर आता घेऊ.