लसीका निचरा

अवयवात साचलेली लसीका हलक्या हाताने पुढे सरकवणारी मर्दनपद्धती. डेन्मार्कच्या एमिल व एस्ट्रिड व्होडर या दांपत्याने ती १९३० च्या दशकात विकसित केली. आज ब्यूटी पार्लरमध्ये वजन घटवणारा, ‘विषद्रव्ये’ काढणारा मसाज म्हणून ती विकली जाते. या दाव्यांना भक्कम पुरावा नाही. तिची खरी गरज वेगळीच आहे.

मराठवाड्यातील अनेक स्त्रिया स्तनाच्या कर्करोगावरील उपचारांसाठी छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात येतात. शस्त्रक्रियेत काखेतील लसीका ग्रंथी काढल्या किंवा तेथे किरणोपचार झाले, तर काही जणींचा त्या बाजूचा हात लसीका साचून महिन्यांनी, कधी वर्षांनीही सुजतो. बांगडी रुतू लागते, ब्लाउजची बाही दंडाला घट्ट होते. ही खूण वेळीच ओळखणे फार मोलाचे.

घरी हे मर्दन करण्याचा क्रम फिजिओथेरपिस्टकडूनच शिकावा. आधी निरोगी बाजूची काख, मग छाती, त्यानंतर सुजलेला दंड, शेवटी मनगट. बोटांनी त्वचा फक्त अलगद ताणायची. तेल लावून रगडण्याची आपली जुनी सवय येथे नडते. सूज आटोक्यात ठेवण्यासाठी दाबपट्टी किंवा दाबबाही, व्यायाम आणि त्वचेची निगा यांची जोड लागतेच. ताप आला, त्वचा लाल व गरम झाली किंवा शिरेत रक्ताची गुठळी असली, तर मर्दन थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवावे.