मधमाशी आणि शेजारधर्म

मधमाश्या पाळण्याचे नियम फार जुने आहेत. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात अथेन्सच्या सोलनने नवी पोळी दुसऱ्याच्या पोळ्यांपासून ३०० फूट दूर ठेवण्याचा दंडक घातल्याचे प्लुटार्क सांगतो. पुढे ५३३ साली जस्टिनियनच्या रोमन विधिग्रंथाने उडालेला थवा नजरेआड होईतो मूळ धन्याचाच मानला. या दोन्ही नियमांत मधपाळांचे आपसांतील तंटे मिटविण्याची सोय होती; माश्या न पाळणाऱ्या शेजाऱ्याचा विचार नव्हता.

हैदराबादेतील हिमायतनगरसारख्या दाट वस्तीत मात्र ३०० फुटांत कित्येक बिऱ्हाडे येतात. तेथे पेटीत नांदणारी सातेरी आणि उंच इमारतीला उघडे पोळे लावणारी, पाळता न येणारी आग्या माशी यांतील भेद जाणूनच नियम करावा लागतो आणि शेजाऱ्याची संमतीही घ्यावी लागते.