बिनआवाजी कॅमेऱ्यांचा जिल्हा

मोबाइलवर फोटो काढताना होणारा ‘क्लिक’ बंद करणे भारतात गुन्हा नाही. फोटो निघताना आवाज झालाच पाहिजे असे सांगणारे कलम आपल्या फौजदारी कायद्यात नाही आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यातही नाही. तरीही हा आवाज बंद करणे बेकायदा असावे, अशी शंका पुष्कळांच्या मनात असते आणि ती उगाच आलेली नाही. चोरून काढलेल्या फोटोने आयुष्ये उद्ध्वस्त झालेली आपण पाहतो. यंत्राने निदान हाक तरी द्यावी, असे वाटणे साहजिकच आहे. या अपेक्षेचा इतिहास तपासण्यासाठी मला गोंदिया जिल्हा निवडावासा वाटतो. इथल्या जंगलात कॅमेऱ्याने गप्प राहणे गरजेचे असते, आणि त्याच जंगलात त्याच्या गप्प राहण्याची भीती वाटण्याचे कारणही सापडते.

हा आवाज मुळात कोणाला सावध करण्यासाठी जन्मलाच नव्हता. फिल्मच्या एसएलआर कॅमेऱ्यात बटण दाबले की आतला आरसा वर उचलला जाई, शटरचा पडदा सरके, आरसा पुन्हा खाली येई. या हालचालींचा मिळून तो खटका होता. लग्नमंडपात किंवा स्टुडिओत त्यावरून लोकांना फोटो निघाल्याचे कळे, पण तो यंत्राच्या कामाचा ओघाने येणारा आवाज होता, इतकेच. मोबाइलमध्ये आरसा नाही, सरकता पडदा नाही. तिथला ‘क्लिक’ म्हणजे आधीच भरून ठेवलेली ध्वनिफीत. नोव्हेंबर 2000 मध्ये जपानमध्ये शार्पचा जे-एसएच04 हा कॅमेऱ्याचा फोन आला आणि पाठोपाठ गर्दीच्या गाड्यांत स्त्रियांचे चोरून फोटो काढण्याचे प्रकारही आले. तिथल्या कंपन्यांनी कायद्याची वाट न पाहता, बंद करता न येणारा आवाज फोनमध्ये बसवण्याचा शिरस्ता पाडला. दक्षिण कोरियात 2004 मध्ये उद्योगाच्या मानकाने 60 ते 68 डेसिबलचा आवाज ठरवून दिला. अमेरिकेत 2009 मध्ये अशाच आशयाचे विधेयक मांडले गेले, ते मंजूर झाले नाही. आपल्याकडची शंका बहुधा या परदेशी फोनांच्या कहाण्यांतून आली आहे.

भारताने वाट वेगळी धरली आणि माझ्या मते ती अधिक नेमकी आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यात 2008 च्या दुरुस्तीने 66ई हे कलम आले: एखाद्याच्या शरीराच्या खासगी भागाचे चित्र संमतीशिवाय टिपणे, प्रसिद्ध करणे किंवा पाठवणे यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड. डिसेंबर 2012 च्या दिल्लीतील अत्याचारानंतर न्यायमूर्ती वर्मा समिती नेमली गेली आणि 2013 मध्ये भारतीय दंडविधानात 354सी हे कलम दाखल झाले. आता 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचे कलम 77 त्याच्या जागी आहे. आपल्याकडे कोणी पाहत नसेल अशी अपेक्षा जिथे स्त्री सहज धरते, तिथे तिचे खासगी कृत्य पाहणे, टिपणे किंवा पसरवणे हा गुन्हा, आणि पहिल्याच दोषसिद्धीला किमान एक वर्ष कैद. टिपण्यास संमती असली तरी इतरांना दाखवण्यास ती नसेल, तर दाखवणाराही गुन्हेगार ठरतो. या संपूर्ण मांडणीत यंत्र बोलले की गप्प राहिले, याला जागाच नाही. प्रश्न एकच विचारला जातो: जिचा फोटो, तिची संमती होती का?

आता गोंदिया. नागझिरा अभयारण्य 1970 चे, नवेगाव राष्ट्रीय उद्यान 1975 चे. गोंदिया आणि भंडारा या दोन जिल्ह्यांत पसरलेले हे जंगल आसपासच्या अभयारण्यांसह 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाले. वाघाच्या वाटेवर कॅमेरा लावून ठेवायचा आणि माणसाने दूर राहायचे, ही कल्पना जुनी आहे. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने 1920 च्या दशकात संयुक्त प्रांतात वाटेवर तार ताणून रात्रीच्या वाघांचे फोटो मिळवले होते. त्याच्या काळात उजेडाचा भपकारा जनावराला दचकवी. आजचा ट्रॅप कॅमेरा अवरक्त किरणांवर चालतो आणि माणसाच्या कानाला जवळजवळ ऐकू न येईल इतका शांत असतो. वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर लावलेले दोन कॅमेरे वाघाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे टिपतात आणि पट्ट्यांवरून वाघ ओळखला जातो. 2018 च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत असे कॅमेरे 26,838 ठिकाणी लागले आणि त्यांनी साडेतीन कोटींच्या आसपास चित्रे टिपली. हे सारे काम कॅमेऱ्याच्या गप्प राहण्यावर उभे आहे. जिल्ह्यातल्या धानाच्या बांध्यांत आणि तलावांच्या काठी घरटी करणाऱ्या सारसांचेही तेच. महाराष्ट्रात हा पक्षी आता जवळजवळ याच भागात उरला आहे. सक्तीचा ‘क्लिक’ अंड्यांवर बसलेल्या जोडीला त्रासच देईल. अर्थात फोटोग्राफर घरट्याजवळ गेला असेल, तर मूक फोनने त्याचा अपराध कमी होत नाही. वन्यजीव संरक्षण कायदाही अभयारण्यात छायाचित्रणासाठी परवानगीची अट घालतो आणि प्राण्याला त्रास देण्यास मनाई करतो. त्यात शटरच्या आवाजाचा विषयच नाही.

इथे सर्वांत गंभीर आक्षेप उभा राहतो, आणि तो जंगलातूनच येतो. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचायला, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला, वर्षभर सरपणाला बाया जंगलात जातात. त्या घोळक्याने जातात आणि मोठ्याने बोलत जातात, जनावराला चाहूल लागावी म्हणून. उत्तराखंडच्या कॉर्बेट परिसरातला केंब्रिज विद्यापीठाच्या त्रिशांत सिमलाई यांचा अभ्यास नोव्हेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. चौदा महिने तिथे राहून त्यांनी 270 जणांशी संवाद साधला होता. वाघांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यात 2017 मध्ये शौचाला गेलेल्या एका ऑटिस्टिक तरुणीचे चित्र आले, आणि तात्पुरत्या वनकर्मचाऱ्यांनी ते स्थानिक समाजमाध्यम गटांवर पसरवले. संतापलेल्या गावकऱ्यांनी कॅमेरे फोडले, जाळले. जे मला अधिक अस्वस्थ करते ते याच्या पुढचे आहे. कॅमेरे आहेत हे कळल्यावर बाया दबल्या, जंगलात गाणे आणि मोठ्याने बोलणे कमी झाले. ज्या आवाजावर त्यांचा जीव सुरक्षित होता, तोच कॅमेऱ्याच्या धाकाने गेला. गोंदियात असे घडले, असे मी म्हणत नाही. पण जंगल तसेच, कॅमेरा तोच, आणि बायांचे कामही तेच आहे.

मग आवाज सक्तीचा करावा, असे कोणी म्हणेल. कॉर्बेटच्या त्या कॅमेऱ्यात ‘क्लिक’ असता तरी काय झाले असते? त्या तरुणीला तो ऐकू येईपर्यंत चित्र निघून गेलेले असते, आणि तिची बेअब्रू टिपण्याने जितकी झाली त्याहून अधिक पुढे पाठवण्याने झाली. पाठवण्याला आवाज नसतो. जपान-कोरियाचा अनुभवही हेच सांगतो. आवाज न करणारी ॲप आली, आणि स्वच्छतागृहांत लपवलेल्या छोट्या कॅमेऱ्यांना फोनचे नियम लागूच नव्हते. 2018 मध्ये सोलच्या रस्त्यांवर हजारो स्त्रिया छुप्या कॅमेऱ्यांविरुद्ध उतरल्या, तेव्हा त्या देशात आवाजाची सक्ती होऊन चौदा वर्षे झाली होती. भर बाजारात साध्या फोटोपासून ‘क्लिक’ थोडे रक्षण करेल, हे मी मान्य करतो. तिथे आपला कायदाही तोकडा आहे, कारण त्याची हमी खासगी कृत्य आणि शरीराचे खासगी भाग यांपुरतीच आहे. पण ही उणीव भरायची तर संमतीचे क्षेत्र वाढवायला हवे. गोंगाट बसवून ती भरणार नाही.

गोंदियात त्यासाठी पाया आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली इथल्या अनेक गावांच्या ग्रामसभांकडे सामूहिक वनहक्क आले आहेत. ट्रॅप कॅमेरे कोणत्या वाटांवर, किती दिवस लागणार हे वनखात्याने त्या ग्रामसभेला आधी सांगावे. पाणवठ्याजवळच्या आणि बायांच्या रोजच्या वाटा त्यांच्याच सल्ल्याने सोडाव्यात. कॅमेरा असलेल्या पट्ट्याच्या तोंडाशी मराठी आणि गोंडीत फलक असावा. चित्रांत माणूस आला तर ते चित्र कोण पाहणार, किती दिवसांत पुसणार आणि बाहेर गेले तर कोणाला विचारायचे, हे त्या फलकावर नावानिशी लिहिलेले असावे.